लेखकाला सोबत हवी, पण कशी?

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात लेखकाचे चित्र बहुधा एकाकी रंगविले जाते. घर निजलेले आहे, दिव्याची वात मंदावली आहे आणि कवी एकटाच जागा आहे, असे ते चित्र. ते अगदीच खोटे आहे असे म्हणता येणार नाही. लिहिण्याची घटका ही एकट्याचीच असते. परंतु ती घटका येण्यापूर्वी आणि ती सरल्यानंतर लेखकाला माणसे लागतात, ही गोष्ट आपल्या समीक्षेने फारशी मनावर घेतलेली नाही. विशेषतः जो लेखक कोणत्याही संस्थेच्या वेतनावर नाही, लेखागणिक मिळेल त्या मानधनावर ज्याची गुजराण आहे, त्याला ना कचेरी असते, ना सहकारी, ना वरिष्ठ. त्याचे लिखाण परत आले तर ते का परत आले हे सांगणारे कोणी नसते, आणि छापून आले तर ते कोणी वाचले की नाही हेही त्याला कळत नाही. अशा लेखकाला सोबत हवी, याबद्दल वाद नसावा. प्रश्न आहे तो ती सोबत कोणत्या प्रकारची असावी हा. आपल्याच वाङ्मयातील तीन लेखकसमूहांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिला समूह म्हणावा तर एक घरच होते. जळगाव येथे १९०७ साली महाराष्ट्र कविसंमेलन भरले. त्यात जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाने आपल्या कवितेने श्रोत्यांना थक्क केले आणि ‘बालकवी’ हे नाव मिळविले. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी या मुलातील गुण ओळखला. पुढे अहमदनगरला टिळकांच्या घरी तो राहिला तो पाहुणा म्हणून नव्हे, घरचा मुलगा म्हणून. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त या ठोंबऱ्यांचे जे दर्शन घडते, ते कोणत्याही काव्यचर्चेपेक्षा बोलके आहे. त्यांचा लहरी स्वभाव, त्यांचे रुसवेफुगवे, त्यांचा निरागसपणा हे सारे त्या माउलीने विनोदाने आणि वात्सल्याने टिपले आहे.

या घराने बालकवींना काय दिले? सर्वप्रथम दोन वेळचे जेवण आणि निजायला जागा. काव्याच्या चर्चेत हा मुद्दा गद्य वाटेल. पण पोट भरण्याची विवंचना असलेल्या कवीच्या दृष्टीने याहून मोठे काव्य दुसरे नाही. दुसरे म्हणजे, त्या घरात कविता करणे ही काही विशेष किंवा विचित्र गोष्ट नव्हती. टिळक कवी, आणि औपचारिक शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईही कविता रचीत. जेथे तीन माणसे एकाच छपराखाली लिहितात, तेथे लिहिणाऱ्याला आपल्या लिहिण्याबद्दल खुलासा करावा लागत नाही. तिसरी गोष्ट आपण ख्रिस्ती वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगी आहे. टिळक हे धर्मांतरित ख्रिस्ती, आपल्या श्रद्धेविषयी अत्यंत उत्कट. परंतु बालकवी त्या घरात राहिले ते हिंदू म्हणूनच आणि अखेरपर्यंत हिंदूच राहिले. या घराने आधाराची किंमत म्हणून श्रद्धेची मागणी केली नाही, तशी काव्यविषयाचीही केली नाही. टिळकांची कविता भक्तीकडे वळली, बालकवींची निर्झर, फुले आणि पुढे पुढे एका अनाम उदासीनतेकडे. आश्रयदात्याची छाप आश्रिताच्या शैलीवर दिसू नये, याहून आश्रयाची मोठी कसोटी कोणती?

पण या आधाराला एक मर्यादाही होती. तो दोन व्यक्तींच्या स्वभावावर उभा होता. बालकवी १९१८ साली रेल्वेखाली सापडून अकाली गेले, १९१९ साली टिळकही गेले. घर हे घरच असते. ते पुढच्या कवीसाठी संस्था म्हणून उरत नाही.

दुसरा समूह पुण्याचा, आणि तो आपल्या वाचकांच्या अधिक परिचयाचा. १९२३ साली काही कविमित्र दर रविवारी चहाला जमू लागले आणि त्या चहापानातून रविकिरण मंडळ निर्माण झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर आणि नाट्यछटाकार दिवाकर ही त्यातील मंडळी. त्याच वर्षी ‘किरण’ हा त्यांचा एकत्रित संग्रह निघाला. एकट्या नवशिक्या कवीच्या वहीला जो धीर होत नाही, तो आठ वह्यांना मिळून झाला. मंडळाचे पहिले कार्य हे असे व्यवहारी होते, आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही.

मंडळाचे दुसरे कार्य म्हणजे नियमित श्रवण. पुढच्या रविवारी आपली कविता ऐकणारे कान निश्चित आहेत, ही जाणीव लिहिणाऱ्याला आठवडाभर पुरते. तिसरे कार्य सर्वांत दूरगामी ठरले. ही मंडळी गावोगाव गेली आणि त्यांनी आपल्या कविता श्रोत्यांपुढे गाऊन दाखविल्या. ज्या घरात कवितेचे पुस्तक कधी विकत घेतले गेले नसते, त्या घरातही यशवंतांची मातृविरहाची कविता पाठ झाली, ती या काव्यगायनामुळे. सुनीत, गझल आणि खंडकाव्य हे रचनाप्रकार मराठीत रुळविण्याचे श्रेयही बऱ्याच अंशी या कवींकडे जाते.

मग दोष कोठे? दोष त्याच गुणांच्या पोटात होता. ज्याला टाळी हवी त्याला ती पहिल्याच ऐकण्यात मिळाली पाहिजे. गायल्या जाणाऱ्या कवितेला ध्रुवपद लागते, भावना चटकन कळावी लागते, आणि डोळे पाणावण्याची जागा कोठे आहे हे कवीला आधीच ठाऊक असावे लागते. मंडळाच्या बऱ्याच रचनेत जो सांकेतिकपणा आणि हळवेपणा दिसतो, त्याचे मूळ केवळ कवींच्या मनोवृत्तीत नसून त्यांच्या श्रोत्यांशी जुळलेल्या या नात्यात आहे, असे मला वाटते. शिवाय एकाच चहाच्या मेजाभोवती बसणारी माणसे हळूहळू एकमेकांसारखे लिहू लागतात. मित्राची ओळ सदोष आहे हे जाणवूनही ती बोलून दाखविणे जड जाते; पुढच्या रविवारी तोच मित्र समोर बसायचा असतो.

जे आतल्यांनी सांगितले नाही ते बाहेरच्याने सांगितले. प्र. के. अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने १९२५ साली ‘झेंडूची फुले’ हा विडंबनसंग्रह प्रसिद्ध केला आणि मंडळाच्या लकबी जगासमोर मांडल्या. हे विडंबन निखळ हास्यासाठी वाचले जाते, पण ते समीक्षा म्हणूनही वाचले पाहिजे. लकब हुबेहूब उचलता येते याचाच अर्थ ती लकब झाली आहे, अनुभव उरलेला नाही. अत्र्यांच्या हसण्यात खट्याळपणा होता आणि थोडा अन्यायही होता. तथापि जे काम मंडळातील एखाद्या मित्राने चार भिंतींच्या आत हळुवारपणे करावयाचे, ते त्याने न केल्यामुळे भर बाजारात झाले. समूहाने सत्य सांगण्याचे टाळले तर ते टळत नाही, इतकेच की ते मग परक्याच्या तोंडून आणि उपहासाच्या स्वरात ऐकावे लागते.

येथे आणखी एक निरीक्षण नोंदविण्यासारखे आहे. या कवींचे जे लेखन आज टिकून आहे, त्यातील बरेचसे मंडळाच्या सामायिक सुराबाहेरचे आहे. माधव जूलियन यांचे सर्वांत भरीव कार्य ‘छंदोरचना’ हा मराठी छंदःशास्त्रावरील ग्रंथ होय. तो एकट्याने वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासाचे फळ आहे. मुंबई विद्यापीठाने त्यासाठी त्यांना १९३८ साली डी. लिट. ही पदवी दिली. यशवंतांनी ‘बंदिशाळा’ (१९३२) या खंडकाव्यात बालगुन्हेगारांचे जिणे चितारले. तो विषय चहाच्या मेजावर सापडणारा नव्हता. दिवाकरांच्या नाट्यछटा तर प्रारंभापासूनच वेगळ्या वाटेच्या. यावरून मंडळ निरर्थक होते असे मात्र कोणी म्हणू नये. मर्ढेकरांसारखा पुढच्या पिढीचा युगप्रवर्तक कवीदेखील ‘शिशिरागम’ (१९३९) मध्ये माधव जूलियनांच्या छायेतूनच चालत आला आणि मगच ‘काही कविता’ (१९४७) मध्ये स्वतःच्या उन्हात उभा राहिला. समूह हा उंबरठा म्हणून उत्तम असतो. त्यावर कायमचे बसून राहिले की वाट अडते.

तिसरा समूह याहून निराळ्या मातीतला. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक चालविले आणि त्याच्या आधाराने लेखक-वाचक मेळावे भरविले. पहिल्या दोन समूहांत लेखकाला लेखकाची सोबत मिळत होती. येथे वाचकही मांडीला मांडी लावून बसला, आणि मेळाव्याच्या नावातच त्याला बरोबरीचे स्थान मिळाले. ज्या दलित तरुणाच्या घरात यापूर्वी कोणी लेखणी धरली नव्हती, प्रस्थापित मासिकांच्या संपादकांना ज्याची बोली अशुद्ध वाटत होती आणि ज्याचा अनुभव वाङ्मयबाह्य वाटत होता, त्याला या त्रैमासिकाने पाने दिली आणि या मेळाव्यांनी माणसे दिली. येथे आधाराचा अर्थ कौतुक असा नव्हता. आपले जगणे शब्दांत मांडण्याच्या योग्यतेचे आहे, हा विश्वास म्हणजे येथला आधार. त्याचबरोबर समोर बसलेला वाचक तेच जगणे जगलेला असल्यामुळे खोटे लिहिण्याची सोय नव्हती. वरवरची भावुकता पुण्याच्या सभागृहात खपून जाईल. ज्याने ते भोगले आहे त्याच्यापुढे ती टिकत नाही.

या तिन्ही उदाहरणांतून काही निष्कर्ष काढणे शक्य आहे. टिळकांच्या घराने आश्रय दिला आणि त्याच्या मोबदल्यात अनुकरण मागितले नाही. रविकिरण मंडळाने श्रवण दिले, प्रकाशन दिले, श्रोते दिले; पण परखडपणा पुरेसा दिला नाही. ‘अस्मितादर्श’ने लेखकाच्या समोर त्याचा खरा वाचक आणून बसविला. चांगल्या समूहाला ही तिन्ही कामे करावी लागतात, आणि त्यांपैकी परखडपणाचे काम सर्वांत अवघड आहे, कारण त्यासाठी आधी स्नेह कमवावा लागतो. ज्याने आपल्याला पडत्या काळात जेवू घातले त्याची टीका आपण ऐकतो. ज्याने कधी विचारपूसही केली नाही त्याची टीका कितीही यथार्थ असली तरी मनाला केवळ झोंबते.

याची व्यवहारातील रूपे अगदी साधी असू शकतात. कोणत्या नियतकालिकाने मानधन दिले व कोणी बुडविले, हे लेखकांनी एकमेकांना मोकळेपणाने सांगावे. एकाकडे आलेले आणि त्याला न पेलणारे काम दुसऱ्याकडे सोपवावे. परत आलेला लेख लाजेने खणात न टाकता चौघांत वाचावा. वाचताना ऐकणाऱ्यांनी प्रथम ‘मला येथे काय कळले’ एवढेच सांगावे; निवाडा मागाहून. आणि चार लिहिणाऱ्यांत एक तरी न लिहिणारा, केवळ वाचणारा मनुष्य असावा.

आपल्या धर्मग्रामांतून आज लिहिणाऱ्या तरुणतरुणींची उणीव नाही. सणासुदीच्या विशेषांकांत त्यांचे लेखन येते, त्याचे कौतुक होते, शाल-श्रीफळही होते. पण तो अंक रद्दीत गेल्यावर त्या लेखकाकडे ‘पुढे काय लिहितो आहेस?’ अशी चौकशी करणारे किती असतात? कोणी त्याच्या परिच्छेदावर बोट ठेवून ‘हे तुझे नाही, वाचलेले आहे’ असे त्याला सांगतो का? आपला समाज लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात, बहुतेक नात्यागोत्यातच असतात; त्यामुळे रविकिरण मंडळाला जो मोह आवरला नाही तो आपल्याला दुपटीने आहे. लहान समाजात स्तुती स्वस्त मिळते आणि तिच्यावर वाढलेला लेखक गावाची वेस ओलांडताच गोंधळतो. त्याच्यासाठी एखादे घर आठवड्यातून एक संध्याकाळ उघडे राहिले, तेथे चहा मिळाला आणि चहाबरोबर खरे मतही मिळाले, तर आपल्यातून एखादा ठोंबरे निघेल की नाही हे सांगता येत नाही. परंतु तो निघालाच, तर त्याच्या पाठीशी टिळकांचे घर होते असे म्हणता येईल.