बुधाची माची आणि आपला वर्ग

पर्यावरणाविषयी मुलांशी बोलायचे म्हटले की शिक्षकापुढे दोन वाटा असतात. एक सूचनांची: झाडे लावा, पाणी वाचवा, कचरा करू नका. दुसरी गोष्टीची. सूचना मुले पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात, हा आपणा सर्वांचा अनुभव. म्हणून गोष्टीकडे वळावेसे वाटते. पण गोष्टीने नेमके काय साधते आणि काय साधत नाही, हे आपण क्वचितच तपासतो. त्यासाठी आम्ही येथे एक परिचित कादंबरी घेत आहोत: गो. नी. दांडेकर यांची ‘माचीवरला बुधा’.

गोनीदा (१९१६–१९९८) मावळातल्या तळेगाव दाभाड्याला दीर्घकाळ राहिले. सह्याद्रीतले किल्ले त्यांनी पायी पालथे घातले. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूने काही तास चालत गेले की राजमाची येते. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, त्यांच्या पायथ्याची माची, माचीवरचे उधेवाडी गाव आणि खाली उल्हास नदीचे खोरे. हीच कादंबरीची भूमी. मुंबई सोडून बुधा नावाचा म्हातारा या माचीवर परत येतो आणि झाडे, पाखरे, जनावरे यांच्या सोबतीने राहू लागतो. कथानक म्हणून सांगण्यासारखे एवढेच.

तरीही पुस्तक खाली ठेवल्यावर माची मनातून जात नाही. याचे कारण आम्हांला असे वाटते की, लेखक निसर्गाचे गोडवे गात बसत नाही; बुधाचा दिवस दाखवतो. माणूस रोज ज्याच्याशी काम करतो, ज्याची वाट पाहतो, त्याच्यावर त्याचा जीव जडतो. ‘निसर्गावर प्रेम करा’ असे सांगून प्रेम निर्माण होत नाही. एक झाड, एक पायवाट, एक जागा ओळखीची झाली म्हणजे होते. गोष्टीची खरी ताकद ही आहे. पर्यावरण हा विषय शाळेत येण्यापूर्वी लिहिलेले हे पुस्तक त्यामुळेच आजही शिक्षकांच्या कामाचे आहे.

मात्र येथेच थांबलो तर फसगत होईल. कादंबरीचा भर एका माणसावर आहे. ती वाचून मुलांचा असा समज होऊ शकतो की, निसर्ग म्हणजे माणसांपासून दूर असलेली जागा आणि निसर्गप्रेम म्हणजे गाव सोडून एकट्याने तिकडे जाणे. पण राजमाची ही माणसांनी राखलेली, राबलेली जागा आहे. कातळात खोदलेली पाण्याची टाकी, तळे, उतारावरची शेती हे सारे माणसांच्या हातचे आहे. आणि आपली बहुतेक मुले माचीवर राहायला जाणार नाहीत. त्यांना आपल्याच वाडीत, आपल्याच गल्लीत काही करायचे आहे. त्याचे उत्तर बुधा देत नाही.

नुसती ओढ कधीकधी घातकही ठरते. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत राजमाचीच्या रानात काजवे चमकतात. ते पाहायला अलीकडच्या वर्षांत मोठी गर्दी होते. येणारे प्रेमानेच येतात. परंतु काजव्याचा प्रकाश ही शोभा नसून नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण आहे. प्रौढ काजवा फार तर काही आठवडे जगतो. तेवढ्यात जोडी जमली नाही, तर पुढच्या पिढीत भर पडत नाही. गाड्यांचे दिवे, बॅटऱ्या आणि कॅमेऱ्यांचे लखलखाट यांत ही खूण बुडून जाते. काजव्याची अळी ओलसर मातीत, पालापाचोळ्यात वाढते आणि बहुधा गोगलगायींवर जगते. वाट सोडून फिरणारे पाय तिलाच तुडवतात. दुसरीकडे, येणाऱ्यांच्या जेवणा-राहण्यावर गावातल्या अनेक घरांना चार पैसे मिळतात. तेव्हा ‘कोणी येऊच नका’ हेही सोपे उत्तर नव्हे. येथे ओढीला ज्ञानाची आणि ज्ञानाला चर्चेची जोड लागते.

गोनीदा तरुणपणी गाडगेमहाराजांच्या सहवासात होते, ही गोष्ट या संदर्भात आम्हांला महत्त्वाची वाटते. महाराज गावात येत ते खराटा हाती घेऊन. दिवसा गाव झाडत, रात्री कीर्तन करीत. कीर्तनातही ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. त्या कथनात तीन गोष्टी होत्या: सांगणाऱ्याची स्वतःची कृती, ऐकणाऱ्याला प्रश्न आणि सगळ्यांनी मिळून करायचे काम. ‘माचीवरला बुधा’त जिव्हाळा भरपूर आहे, या तीन गोष्टी मात्र वर्गात शिक्षकानेच आणायच्या आहेत. हा कादंबरीचा दोष नव्हे. कादंबरीकडून खराट्याचे काम मागणे हा आपला दोष ठरेल.

म्हणून आमची सूचना अशी. कादंबरीतला एखादा भाग वर्गात मोठ्याने वाचावा. मग प्रत्येक मुलाने जवळचे एक झाड, ओढा किंवा विहीर निवडावी आणि वर्षभर, दर महिन्याला, तारीख घालून तिची नोंद ठेवावी: पालवी केव्हा आली, पाणी किती खाली गेले, कोण आले, कोण दिसेनासे झाले. घरातल्या आजी-आजोबांना पूर्वीचे विचारावे. पण त्यांच्या आठवणी आणि आपल्या नोंदी वेगळ्या रकान्यांत लिहाव्यात. वर्षाअखेरीस वर्गाने बसून एकच गोष्ट ठरवावी, आपल्याला खरोखर करता येईल अशी, आणि ती शिक्षकांसह करावी.

ती वही म्हणजे मुलांनी लिहिलेली त्यांच्या माचीची गोष्ट असेल. तिच्यात बुधा एकटा नसेल.