हार्डिनचे कुरण आणि ठेलारींचे कुरण

पर्यावरण शिकवताना 'सामायिक कुरणाची शोकांतिका' हा दृष्टान्त अनेकदा दिला जातो. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी तो १९६८ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. कुरण सर्वांना खुले असते. एक जनावर वाढवल्याचा फायदा एकट्याला मिळतो, गवत घटल्याचा तोटा मात्र सर्वांत वाटला जातो. म्हणून प्रत्येकजण जनावरे वाढवतो आणि कुरण उजाड होते.

तर्क बरोबर आहे. पण गृहीतकाचे काय? हार्डिन यांचे गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत, नियम करत नाहीत, दंडही बसवत नाहीत. प्रत्यक्षात असे कुरण विरळाच. हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील तितक्याच उन्हाळी कुरणावर सोडाव्यात, असा नियम स्वित्झर्लंडमधील टोर्बेल गावाने १५१७ सालीच केला होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात अशी अनेक उदाहरणे तपासली. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपण 'व्यवस्था नसलेले कुरण' असे म्हणायला हवे होते, हे हार्डिन यांनीही १९९४ साली मान्य केले. आपल्या वर्गात मात्र १९६८ चीच गोष्ट सांगितली जाते.

नंदुरबार-धुळे भागातील ठेलारी धनगरांना हा दृष्टान्त लावून पाहू. पावसाळा संपला की ते मेंढ्या घेऊन बाहेर पडतात. कापणी झालेल्या शेतांत कळप बसतो. शेतकऱ्याला लेंडीखत मिळते, मेंढ्यांना चारा. तेवढे महिने घरच्या माळाला विसावा मिळतो. पावसाळ्यात मात्र कळप घरी असतात आणि गवत फुलोऱ्यावर येते तेही तेव्हाच. म्हणून कोणता पट्टा कधी राखायचा, हे ठरवावेच लागते. लांडगा, खोकड, माळावर घरटी करणारे पक्षी यांचे भवितव्यही त्यावरच अवलंबून असते. सरकारी नकाशांत माळाची नोंद पुष्कळदा 'पडीक' अशी होते आणि तेथे झाडे लावली जातात. तेव्हा गवत आणि त्यावर जगणारे प्राणी दोन्ही जातात.

पण 'लोकसहभाग' या शब्दाचीही चिकित्सा हवी. गावाने चराईबंदी केली तर गावचे जंगल वाचते. मात्र वर्षातून काही आठवडेच येणाऱ्या मेंढपाळाला त्या ग्रामसभेत मत नसते. वनहक्क कायदा (२००६) भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य करतो. त्यांच्या दाव्याची पडताळणी ते हजर असतील त्या वेळीच करावी, असे २००८ चे नियम सांगतात. म्हणजे कायद्याने त्यांना लोकांत धरले आहे. संवर्धनाच्या योजना आखणाऱ्यांनी मात्र बहुधा गावच्या शिवेपाशीच 'लोक' संपवले आहेत.

आमच्या मते हार्डिन शिकवावेत. पण त्याबरोबर विद्यार्थ्यांना आपल्या गावच्या गायरानाचे नियम शोधून आणायला सांगावे. ते कोणी केले, आणि ठरवताना कोण हजर नव्हते, हेही त्यांनी विचारावे.