ताराराणीला ‘मी’ कधी म्हणू देणार?

जिच्या वाट्याला गादी येईल असे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते, अशा मुलीची गोष्ट सध्या जगभरच्या किशोर वाचकांची लाडकी आहे. एरिका जोहान्सनच्या ‘द क्वीन ऑफ द टिअरलिंग’ (२०१४) या कादंबरीत रानात लपवून वाढवलेली केल्सी एकोणिसाव्या वर्षी राज्य हाती घेते. मराठीत किशोरवयीन मुलींसाठी हॅरी पॉटर आहे, मुग्धा कर्णिकांनी आणलेला ‘स्वामी मुद्रिकांचा’ आहे. पण हे अनुवाद झाले. आपली स्वतःची अद्भुतकथा चेटकिणीच्या बालनाट्यापाशी थांबते आणि पुढचे पाऊल थेट मोठ्यांच्या ऐतिहासिक कादंबरीत पडते. मधली चौदा वर्षांची वाचक कुणाच्या हिशेबातच नाही.

निदान कोल्हापुरात तरी असे व्हायला नको होते. इथल्याच वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’तली (१९५९) देवयानी ही अनपेक्षित राणीच आहे. विहिरीत ढकलली गेलेली शुक्राचार्यांची मुलगी हस्तिनापूरच्या महालात येते, आणि मागे संजीवनी विद्येचा सारा अद्भुत पसारा आहे. खांडेकरांनी तिला आणि शर्मिष्ठेला स्वतःच्या तोंडून बोलू दिले. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) वृषालीलाही तो मान दिला. आतून बोलणारी स्त्री उभी करण्याचे कसब या मातीला ठाऊक आहे. ते ताराराणीसाठी, म्हणजे कोल्हापूरच्या ताराबाईंसाठी, का वापरले जात नाही, हा माझा प्रश्न आहे.

२ मार्च १७०० रोजी सिंहगडावर राजाराम महाराज गेले तेव्हा त्यांची राणी, हंबीरराव मोहित्यांची ही लेक, पंचविशीत होती. मुलाच्या नावाने तिने राज्य चालवले आणि औरंगजेबाला एकेका गडासाठी झुलवले. १७०२ मध्ये विशाळगड पावसापर्यंत लढवला आणि मग पैसे घेऊन सोडला. परतताना बादशाही फौजेला पन्हाळ्यापर्यंतच्या जेमतेम पन्नास किलोमीटरसाठी महिन्याहून जास्त वेळ लागला: फुगलेले ओढे, चिखलात रुतलेले उंट, भिजलेले तंबू. शत्रूला गड विकायचा, त्याला पावसात परत पाठवायचा आणि पुढे तोच गड परत घ्यायचा, असा डाव कल्पनेने रचायला लेखकाला किती रात्री जागाव्या लागल्या असत्या!

मालिका, चरित्रे, पुस्तिका औरंगजेबाशी झुंजलेल्या या सात वर्षांभोवतीच घुटमळतात. कोल्हापुरात कावळा नाक्यावरच्या ताराराणीच्या पुतळ्यातला घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे; शिल्पाला तेवढा क्षण पुरतो. कादंबरीला पुरत नाही. १७१४ मध्ये सवत राजसबाईने सत्ता पालटली आणि ताराबाई पन्हाळ्यावर कैद झाल्या. १७५० मध्ये, पंचाहत्तरीत, त्यांनी नातू म्हणून पुढे आणलेल्या रामराजालाच साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकवले, आणि पुढे जेजुरीला तो आपला नातू नाही असे शपथेवर सांगितले. पानिपत पाहून १७६१ मध्ये त्या गेल्या. ही बाई कुठे चुकली, कुणाशी खोटे बोलली, सत्ता हातची गेल्यावर तिला झोप लागत होती का, हे विचारायला ऐतिहासिक कादंबरी कचरते. त्या कादंबरीला वंदनीयता सांभाळायची असते, आणि सनावळीही.

अद्भुत कादंबरीवर ते ओझे नाही. नाव बदला, गडांना बोलते करा, पावसाला सेनापती करा. राणीला चुकण्याची मुभा आपोआप मिळते. कच्चा माल कोल्हापुरातच आहे. आप्पासाहेब पवारांनी संपादित केलेली ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ शिवाजी विद्यापीठाने छापली आहेत, आणि जयसिंगराव पवारांचे चरित्र घरोघरी वाचले जाते. शिवाय इथे अनपेक्षित राणी एकच झाली नाही. १७६० मध्ये दुसऱ्या संभाजीराजांच्या निधनानंतर त्यांच्या राणी जिजाबाईंनी दत्तक मुलाच्या वतीने सुमारे बारा वर्षे कोल्हापूर राखले. पहिले पुस्तक त्यांच्यावर आले तरी चालेल. फक्त ते चौदा वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेले हवे, आणि पहिल्या वाक्यापासून राणीनेच सांगितलेले हवे.