स्टेन कोनो आणि कर्पूरमंजरीचा पाठ

राजशेखराच्या कर्पूरमंजरीच्या ज्या पाठावर अभ्यासकांच्या कित्येक पिढ्या विसंबून राहिल्या, तो एका नॉर्वेजियन पंडितानें सिद्ध केलेला आहे. हार्वर्ड ओरिएंटल सीरीजचा चौथा ग्रंथ म्हणून तो १९०१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्यांतील मूळ पाठ, शब्दसूची आणि कवीच्या चरित्रावरील निबंध हीं स्टेन कोनो यांचीं. इंग्रजी भाषांतर व टीपा चार्ल्स लॅनमन यांच्या. या पुस्तकास जो मान मिळाला तो अस्थानीं मिळाला असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. परंतु जुन्या पोथ्या जमविणाऱ्या व त्या अक्षरशः वाचणाऱ्या मंडळींनीं या पाठाविषयीं एक गोष्ट नीट ध्यानांत ठेविली पाहिजे. राजशेखरानें काय लिहिलें एवढेंच त्यांत नाहीं. त्यानें काय लिहावयास हवें होतें, तेंहि त्यांत बरेंच आहे.

कोनो यांचा जन्म १८६७ सालीं नॉर्वेंत झाला. शिक्षण प्रथम क्रिस्तियानिया (म्हणजे आजचें ओस्लो) येथें व पुढें जर्मनींत हाल्ले येथें झालें. हाल्ले येथें रिखार्ड पिशेल हे त्यांचे गुरु. १८९३ सालीं त्यांनीं सामविधान ब्राह्मणाचें जर्मन भाषांतर प्रस्तावनेसह प्रसिद्ध केलें. सामगानाच्या योगानें शत्रुनाश, वशीकरण, धनप्राप्ति इत्यादि कसें साधावें हें सांगणारा तो ग्रंथ आहे. तेव्हां पंडितांच्या मेळाव्यांत या तरुणाचा प्रवेश जारणमारणाची पोथी हातीं घेऊनच झाला म्हणावयाचा. त्यानंतर ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीचें काम, १९०६ ते १९०८ हिंदुस्थान सरकारचे शिलालेखतज्ज्ञ म्हणून नोकरी, १९१० पासून क्रिस्तियानिया येथें अध्यापकी, १९१४ पासून पांच वर्षें हांबुर्ग, आणि १९१९ पासून पुनः मायदेशीं विद्यापीठांत अध्यापन, असा त्यांचा आयुष्यक्रम आहे. मध्यंतरीं १९२४-२५ सालीं ते शांतिनिकेतनांत अतिथि-अध्यापक होते. १९४८ सालीं ते वारले. चरित्र इतकें पुरे. आम्हांस काम आहे तें त्यांच्या संपादनाशीं.

कर्पूरमंजरी हें सट्टक आहे. चार जवनिकांतरें, प्रवेशक व विष्कंभक नाहींत, आणि राजापासून दासीपर्यंत सर्वांचें बोलणें प्राकृतांत. संस्कृत सोडून प्राकृतांत कां लिहिलें, याचा खुलासा कवीनें आरंभींच करून ठेविला आहे: संस्कृत रचना कठोर, प्राकृत कोमल. नाटकाचा प्रयोग झाला तो कवीची पत्नी अवंतिसुंदरी हिच्या इच्छेवरून. ती चाहमान कुळांतली. कवि स्वतः यायावर कुळांतला, आणि त्याचा पूर्वज अकालजलद यास तो बालरामायणांत महाराष्ट्राचा चूडामणि म्हणतो. म्हणजे कवि राहिला कनोजच्या महेंद्रपालाच्या आश्रयाला, सुमारें इ. स. ९०० च्या सुमारास; परंतु घराण्याची आठवण दक्षिणेकडची. नायिकाहि त्यानें तिकडचीच आणिली आहे. भैरवानंद आपल्या सिद्धीच्या बळानें जिला राजापुढें उभी करितो ती कर्पूरमंजरी वच्छोम नगरची, आणि वच्छोम म्हणजे वत्सगुल्म, आपलें वाशीम.

आतां पाठाकडे वळूं. प्राकृत वैयाकरणांचा व नाट्यशास्त्रकारांचा रूढ संकेत असा कीं, नाटकांतील गद्य शौरसेनींत असावें व पद्य महाराष्ट्रींत. दोहोंमधील भेद उघड आहेत. शौरसेनींत 'भोदि', तर महाराष्ट्रींत 'होइ'. शौरसेनींत 'करिअ' किंवा 'कदुअ', तर महाराष्ट्रींत 'काऊण'. पोथ्या मात्र हा संकेत पाळीत नाहींत. गद्यांत महाराष्ट्री रूपें येतात, पद्यांत शौरसेनी डोकावते, आणि जैन लेखकांनीं उतरलेल्या प्रतींत यश्रुतीची भर पडते. निर्णयसागरानें १८८७ सालीं काव्यमालेंत वासुदेवाच्या टीकेसह जी कर्पूरमंजरी छापिली तिच्यांत ही सरमिसळ बहुतांशीं तशीच राहिली. कोनो यांनीं ती काढून टाकण्याचा निश्चय केला. गद्य तें शौरसेनी व पद्य तें महाराष्ट्री, असा दंडक घालून त्यांनीं रूपें एका मापाचीं केलीं, आणि कांहीं ठिकाणीं तर हातच्या पोथ्यांची साक्ष विरुद्ध असतांहि केलीं.

त्यांची बाजू दुबळी होती असें नाहीं. लेखक चुकतात, प्राकृताचा लेखक तर विशेष चुकतो, कारण त्याच्या कानांत स्वतःची बोली असते आणि शेजारच्या ओळींत संस्कृत छाया असते. एका पोथींत 'भोदि' व दुसरींत 'होइ' असेल तेथें संपादकास निवड करणें भागच आहे, आणि तेथें व्याकरणाचा आधार घेण्यांत दोष नाहीं. आमचा आक्षेप जेथें पोथ्या एकमुखानें बोलतात तेथला आहे. खुद्द पिशेल यांनीं आपल्या १९०० सालच्या प्राकृत व्याकरणांत राजशेखर बोलींचे नियम मोडतो असें नमूद केलें आहे. गद्यांतील 'घेत्तूण' आणि 'मज्झ', 'तुज्झ' हीं रूपें त्या नियमभंगाचे नमुने होत. दोष कवीचा असेल तर तो पाठांत राहिला पाहिजे. त्याबद्दल संपादकानें टीपेंत वाटेल तितकें रागवावें. कवीची चूक दुरुस्त करून देणें हें गुरुजींचें काम आहे, संपादकाचें नव्हे.

शिवाय ज्या नियमांनीं ही दुरुस्ती व्हावयाची त्यांचें वय पाहावें. प्राकृताचें सर्वांत विस्तृत व्याकरण हेमचंद्राचें. तो बाराव्या शतकांतला, म्हणजे राजशेखरानंतर दोनशें वर्षांनीं झालेला. मार्कंडेय तर त्याच्याहि मागाहूनचा. नातवाच्या घड्याळावरून आजोबांस उशीर झाला असें ठरविण्यासारखाच हा प्रकार आहे.

मराठी वाचकास या वादांत एक वेगळेंच स्वारस्य आहे. 'घेत्तूण' हा शब्द त्याच्या कानाला परका वाटत नाहीं. आपलें 'घेऊन', 'करून', 'जाऊन' हें -ऊन प्रत्ययाचें रूप त्याच -ऊण प्रत्ययाचें वंशज आहे, आणि 'मज्झ', 'तुज्झ' यांच्यापासून 'माझा', 'तुझा' निघाले. नवलाची गोष्ट ही कीं हें नातें जगापुढें ठासून मांडणाऱ्यांत कोनो हे अग्रेसर होते. महाराष्ट्री म्हणजे कोण्या देशाची बोली नसून मोठ्या राष्ट्राची म्हणून मिरविणारी एक काव्यभाषा होय, असें हर्नले प्रभृतींचें मत होतें. कोनो यांनीं १९०३ सालीं इंडियन अँटिक्वेरींत महाराष्ट्री व मराठी यांवर लेख लिहून त्याचें खंडन केलें. महाराष्ट्री ही महाराष्ट्रांतलीच, व मराठी तिच्यापासूनच आली, हें त्यांचें प्रतिपादन. आणि धातुसाधितांतील हा -ऊन त्या बाजूचा एक भक्कम साक्षीदार आहे. म्हणजे १९०१ सालीं ज्या जातीचें रूप गद्यांतून दोष म्हणून बाहेर काढावयाचें, त्याच जातीचें रूप दोन वर्षांनीं प्रमाण म्हणून पुढें करावयाचें! महाराष्ट्राशीं नातें सांगणाऱ्या कुळांतला कवि गद्य लिहितां लिहितां 'घेत्तूण' म्हणून गेला, यांत अज्ञानापेक्षां कांहीं अधिक असूं शकेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवावयास हवा होता.

येथें आम्ही घाई करूं इच्छीत नाहीं. राजशेखराच्या काळीं महाराष्ट्री ही पुस्तकांतून शिकण्याची भाषा झालेली होती. गाथासप्तशती व सेतुबंध घोकलेल्या कवीच्या लेखणींतून -ऊण उतरणें यासाठीं त्याची मातृभाषा दक्षिणेकडची असलीच पाहिजे असें नाहीं. 'घेत्तूण'वरून कवीच्या घरची बोली सिद्ध होत नाहीं. परंतु हा प्रश्न उपस्थित करण्याइतका पुरावा तरी पाठांत शिल्लक राहिला पाहिजे, एवढेंच आमचें मागणें आहे. मनमोहन घोष यांनीं कलकत्ता विद्यापीठातर्फे १९३९ सालीं कर्पूरमंजरीची नवी आवृत्ति काढिली ती याच असमाधानांतून. गद्यपद्यांची ही वांटणी मूळची नव्हे, असें त्यांचें मत. ते दुसऱ्या टोकास गेले, आणि महाराष्ट्री ही शौरसेनीचीच पुढची अवस्था या आपल्या सिद्धान्ताकडे त्यांनीं पाठ ओढला असें आम्हांस वाटतें. पण कोनो यांचा पाठ हा शेवटचा शब्द नव्हे हें त्यांनीं दाखवून दिलें. कोनो यांच्या पदरीं एक मोठें पुण्य मात्र आहे. त्यांनीं पाठभेद लपविले नाहींत. पानाच्या तळाशीं बारीक टाइपांत पोथ्यांचीं रूपें दिलेलीं आहेत, आणि जाणता वाचक त्यांवरून पोथ्यांचें म्हणणें पुष्कळसें परत उभें करूं शकतो.

भाषापाहणीचा सातवा खंड १९०५ सालीं निघाला. तो मराठीचा, आणि तो तयार केला कोनो यांनींच. तेथें याच गृहस्थाचें दुसरें रूप दिसतें. तेथें दंडक घालावयास व्याकरण नव्हतें. पुण्यापासून नागपूर व बस्तरपर्यंत आणि खालीं कारवारापर्यंत सरकारी अधिकाऱ्यांमार्फत आलेले बोलींचे नमुने होते. ते त्यांनीं जसे आले तसे छापिले व त्यांतून नियम शोधिले. उधळ्या मुलाच्या गोष्टीचें भाषांतर करून घेण्याच्या पद्धतीमुळें पुष्कळ नमुन्यांची वाक्यरचना पुस्तकी झाली आहे, हा दोष खरा. पण तो योजनेचा दोष आहे. कोंकणीस त्यांनीं मराठीची बोली म्हणून घातलें, हा निर्णय पुढें टिकला नाहीं. कत्रे यांनीं १९४२ सालीं तिचा स्वतंत्र इतिहास लिहिला, साहित्य अकादमीनें १९७५ सालीं तिला स्वतंत्र मानिलें, आणि १९९२ सालीं ती घटनेच्या आठव्या परिशिष्टांत गेली. निर्णय बदलला तरी नमुने मात्र आजहि उपयोगी पडतात, कारण ते सुधारलेले नाहींत.

हेंच मध्य आशियाच्या पोथ्यांविषयीं म्हणतां येईल. स्टाइन यांनीं तुन-हुआंगहून आणिलेली वज्रच्छेदिकेची खोतानी पोथी कोनो यांनीं वाचून भाषांतरासह १९१६ सालीं हर्नले यांच्या संग्रहांत प्रसिद्ध केली. लिपि ब्राह्मीच्या कुळांतली, भाषा इराणी, आणि तिचें व्याकरण कोणीं कधीं लिहिलेलें नाहीं. लेखकाच्या प्रत्येक अक्षरावर श्रद्धा ठेवण्यावांचून तेथें गत्यंतर नव्हतें. संस्कृत मूळ शेजारीं ठेवून एकेक शब्द त्यांनीं जसा सोडविला आहे तो पाहिला म्हणजे कर्पूरमंजरीचा संपादक तो हाच कां, असा प्रश्न पडतो. १९२९ सालच्या खरोष्ठी लेखांच्या बृहत्संग्रहाचें स्वरूप याहून मिश्र आहे. त्यांतील कित्येक वाचनें पुढें बदललीं. पण कनिष्काच्या शकाचा आरंभ त्यांनीं वान वाइक यांच्या गणिताच्या आधारें इ. स. १२८-२९ असा धरिला होता, आणि २००१ सालीं हॅरी फाल्क यांनीं यवनजातकावरून तो १२७ ठरविला. पाऊण शतकांत फरक पडला तो एका वर्षाचा!

कर्पूरमंजरीस जोडलेला कवीच्या चरित्राचा निबंध मात्र आतां जुना झाला आहे, आणि त्यांत कोनो यांचा अपराध नाहीं. राजशेखराची काव्यमीमांसा दलाल व अनंतकृष्णशास्त्री यांनीं गायकवाड प्राच्यमालेचा पहिला ग्रंथ म्हणून १९१६ सालीं बडोद्याहून काढिली. ती कोनो यांच्यासमोर नव्हती. काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह कवीनें तींत लाविला आहे तो विदर्भांतील वत्सगुल्मीं. नायिकेचें माहेर व साहित्याचें लग्नघर हीं दोन्हीं एकाच गांवीं ठेवणाऱ्या या कवीचा दक्षिणेकडील ओढा कोनो यांस दिसला असता, तर त्यांनीं 'घेत्तूण'कडे पुनः एकवार पाहिलें असतें असें मानावयास जागा आहे.

कर्पूरमंजरीच्या पोथ्या देवनागरीखेरीज दक्षिणेकडील लिप्यांतहि आहेत. ज्या संग्राहकांपाशीं अशी पोथी असेल त्यांनीं पहिल्या जवनिकांतराच्या गद्य भागांतील -ऊण प्रत्ययाचीं रूपें, 'मज्झ-तुज्झ' हीं सर्वनामें आणि -म्मि प्रत्ययाच्या सप्तम्या तेवढ्या पत्रांक व ओळ यांसह उतरून घ्याव्या. उतरतांना ह्रस्वदीर्घहि बदलूं नये, समासांत मागाहून कोणीं हरताळ लावून दुरुस्ती केली असल्यास खालचें मूळ अक्षर दिसेल तेवढें लिहावें, आणि पोथीच्या शेवटीं लेखनशक व लेखकाचें नांव असल्यास तेंहि सोबत द्यावें.