‘स्त्रीपुरुष तुलना’ आणि पदव्युत्तर स्त्री-अभ्यास : एक पुनर्वाचन

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील स्त्री अभ्यास केंद्राला ताराबाई शिंदे यांचे नाव आहे. पुणे विद्यापीठाच्या केंद्राने सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण केले, मराठवाड्याने ताराबाईंचे. या नामकरणात एक औचित्य आहे. ताराबाई पुण्या-मुंबईच्या नव्हेत, मराठवाड्याला लागून असलेल्या बुलढाण्याच्या. त्या काळचा वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा आणि कारभाराने इंग्रजांचा होता. सुधारणेची केंद्रे मानल्या गेलेल्या शहरांपासून दूर राहून एका मराठा स्त्रीने १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध लिहिला आणि पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या पाचशे प्रती छापून घेतल्या. किंमत नऊ आणे. पुढे हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, ते पुन्हा प्रकाशात आणले. रोझलिंड ओ’हॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद १९९४ मध्ये आला आणि निबंधाला भारताबाहेर वाचक मिळाले.

आज स्त्री-अभ्यासाच्या कोणत्याही पदव्युत्तर वर्गात या निबंधाचा उल्लेख टळत नाही. मात्र बहुतेक वेळा तो उल्लेखच राहतो. ‘आद्य स्त्रीवादी लेखन’ असे बिरुद लावले की विद्यार्थी पुढच्या घटकाकडे वळतो. मूळ पाठ मराठीत उपलब्ध असताना त्यावरील इंग्रजी प्रस्तावनेची टिपणे काढणे हीही परिचित रीत आहे. ‘आद्य’ हे विशेषण आदराचे खरे, परंतु त्यामुळे निबंध वाचण्याची गरजच संपते. प्रस्तुत लेखात या निबंधाकडे विचारपद्धतीचा नमुना म्हणून पाहिले आहे आणि त्या पद्धतीच्या मर्यादा मराठवाड्याच्या संदर्भात तपासल्या आहेत.

साहस कोणाचे?

निबंधाचे निमित्त सर्वश्रुत आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य करण्यात आली. या खटल्याच्या अनुषंगाने ‘पुणेवैभव’सारख्या पत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या चारित्र्यावर जे लिहिले गेले, त्याने ताराबाई संतापल्या. संतापाचे नाव सर्वच अभ्यासक घेतात. त्या संतापाला जी शिस्त आहे, तिच्याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

निबंधाच्या लांबलचक शीर्षकातच एक प्रश्न आहे : स्त्रिया आणि पुरुष यांत साहसी कोण? आजचा विद्यार्थी ‘साहसी’ हा शब्द शौर्याच्या अर्थाने घेतो आणि तेथेच घसरतो. जुन्या मराठीत, संस्कृतातल्याप्रमाणे, ‘साहस’ म्हणजे अविचाराने केलेले घोर कृत्य, प्रसंगी गुन्हासुद्धा. म्हणजे शीर्षकातील प्रश्न खरा गुन्हेगार कोण, असा आहे. न्यायालयात विजयालक्ष्मी उभी होती. ज्या पुरुषामुळे तिला दिवस गेले तो आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हता, आणि तिचा पुनर्विवाह निषिद्ध ठरविणारे शास्त्रही नव्हते. ताराबाईंनी या दोन्ही गैरहजर पक्षांना हजर केले.

त्यासाठी त्यांनी वापरलेली युक्ती साधी आणि धारदार आहे. भर्तृहरीच्या शृंगारशतकातील एका श्लोकात संशय, उद्धटपणा, साहस, कपट असे दोष स्त्रीच्या माथी मारले आहेत. ताराबाई ही यादी नाकारत बसत नाहीत. त्या तीच यादी हातात घेतात आणि एकेक दोष पुरुषाला लावून पाहतात. प्रतिपक्षाच्या दप्तरातील कागद त्याच्याविरुद्धच पुरावा म्हणून दाखल करणे, असे या रीतीचे वर्णन करता येईल. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा तत्कालीन लोकप्रिय कादंबऱ्यांचाही त्या समाचार घेतात. मराठी कादंबरीचे वय तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचे होते. त्या वयातच तिच्यातील स्त्रीचित्रणाला एका वाचक स्त्रीने हिशेब विचारला, ही नोंद मराठी समीक्षेच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी होती. ती झाली नाही.

अलीकडे ‘स्त्री-अभ्यास’ या नावाऐवजी ‘लिंगभाव अभ्यास’ असे नाव रूढ होऊ लागले आहे. अभ्यासाचा विषय केवळ स्त्री नसून स्त्री व पुरुष यांना घडविणारी व्यवस्था आहे, हे त्यामागील कारण. ताराबाईंच्या शीर्षकात पुरुष आधीपासूनच आहे, आणि तोही तपासणीचा विषय म्हणून. निबंधात त्या पुरुषांना थेट ‘तुम्ही’ म्हणून जाब विचारतात. ही घरातल्या, ओट्यावरच्या भांडणाची भाषा आहे. इंग्रजी अनुवादातून आशय पोचतो, पण बोलीचा हा ठसका कितीही काळजी घेतली तरी मागे राहतो. मराठी माध्यमातून आलेला आणि परिभाषेच्या ओझ्याने बुजलेला विद्यार्थी ज्या एका ठिकाणी इतरांपेक्षा पुढे असू शकतो, ते ठिकाण हेच.

तथापि या युक्तीची एक अडचण आहे. यादी उलटविली तरी मोजपट्टी तीच राहते. पुरुष अधिक कपटी ठरला म्हणून पातिव्रत्याची कसोटी रद्द होत नाही, आणि ताराबाईंनी ती पूर्णपणे रद्द केलेलीही नाही. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, सत्यशोधक वर्तुळातीलच टीकाकारांना सुनावले. असे असूनही निबंधाच्या मध्यभागी आहे ती उच्च जातींमधील व त्यांचे अनुकरण करणाऱ्या घरांतील विधवा.

तुलनेच्या कक्षेबाहेर

या शहरात ही मर्यादा झाकून ठेवता येत नाही. मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये येथे सुरू झाले, ‘अस्मितादर्श’ येथूनच निघाले. २७ जुलै १९७८ च्या ठरावानंतर मराठवाडा पेटला आणि विद्यापीठाचे नामांतर होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. येथील वर्गात जात हा अभ्यासक्रमाच्या शेवटी जोडलेला घटक असू शकत नाही. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये दलित स्त्रिया वेगळे बोलतात असे मांडले आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची चर्चा पुढे नेली. पण त्याआधीच बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये हा वेगळेपणा उभा होता. सासरहून पळालेल्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकविला जातो, तो घरच्यांच्या हातून. आणि हे घर गावाच्या पायाखाली असते. येथे दोष कोणाचा हे स्त्री आणि पुरुष एवढ्या दोन पारड्यांत तोलता येत नाही. ताराबाईंचा निबंध आणि हे आत्मकथन शेजारी ठेवून वाचले तरच दोहोंचे मोल कळते. वेगवेगळ्या घटकांत विभागले की दोन्ही केवळ उदाहरणे उरतात.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. ताराबाईंचा प्रश्न येथे जसाच्या तसा लागू पडतो : आरोपीच्या पिंजऱ्यात कोण नाही? खाडा पडला की दंड करणारा मुकादम, टोळीवरून ऊस घेणारा कारखाना, घाईने शस्त्रक्रिया सुचविणारा दवाखाना यांना हजर करणे हा लघुप्रबंधाचा विषय होऊ शकतो. मात्र त्यांचे उत्तर येथे अपुरे पडते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल त्या कोयत्यावर मिळते आणि ती सहसा नवऱ्याच्या हाती पडते. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेते आणि पालावर परतून चूल पेटवते; हिशेबाच्या वहीत तिचे स्वतंत्र नाव नसते. ताराबाईंना तुलना करता आली, कारण त्यांच्यासमोर स्त्री आणि पुरुष असे दोन पक्ष वेगळे उभे होते. कोयत्याच्या हिशेबात ते दोन नाहीतच. तेव्हा संशोधकाला पहिले काम करावे लागते ते त्या एका आकड्यातून बाईला वेगळी काढण्याचे.