नांगराचे वय कशावरून ठरवायचे?

मराठीत शेताचा आणि जहाजाचा, दोन्ही नांगरांना शब्द एकच. शेतातल्या लाकडी नांगराचे वय केवळ आकारावरून कोणी सांगू लागला, तर शेतकरी हसेल. तो आकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. समुद्रतळावरच्या दगडी नांगरांबाबत मात्र आपण तेच करत आलो आहोत.

लोथलचे उत्खनन करणारे डॉ. एस. आर. राव यांनी द्वारकेच्या समुद्रात शोधकार्य उभे केले. भारतातील सागरी पुरातत्त्वाची पायाभरणी त्यांचीच. त्याबद्दल आदर आहेच. परंतु तिथल्या तीन भोकांच्या त्रिकोणी नांगरांचा काळ त्यांनी इ. स. पू. १४ ते १२ वे शतक असा सुचवला, तो सायप्रस व सीरियातील नांगरांशी असलेल्या साम्यावरून. आता असे विचारू, की तिकडच्या नांगरांचा काळ कशावरून ठरला?

सायप्रसमधील कितिऑन आणि सीरियातील उगारित येथे असे नांगर मंदिरांच्या अवशेषांत सापडले. ऑनर फ्रॉस्ट यांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला. तिथे काळ ठरला तो थरांवरून आणि सोबतच्या वस्तूंवरून. द्वारकेचे नांगर खडकाळ तळावर उघडे पडलेले. थराचा आधार नाही. म्हणून आकाराची तुलना करता येते, तारीख उसनी घेता येत नाही. वरच्या भोकात दोर आणि खालच्या दोन भोकांत लाकडी खुंट, ही सोय उपयोगी आहे तोवर कोणत्याही शतकात टिकू शकते.

शिवाय द्वारकेला दुसऱ्याही घडणीचे नांगर आहेत. लांब, चौकोनी छेदाचे, एका टोकाकडे निमुळते होत जाणारे हे ‘इंडो-अरब’ नांगर विजयदुर्गलाही मिळाले, ओमान व पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरही. ते सर्वसाधारणपणे मध्ययुगीन मानले जातात. म्हणजे एकाच बंदरात निरनिराळ्या काळांचे नांगर मिसळलेले असू शकतात. सगळ्यांना एका बुडालेल्या नगरीच्या खात्यावर मांडले, की शतकानुशतके तिथे थांबलेल्या खलाशांचा आणि व्यापाऱ्यांचा हिशेब पुसला जातो.

यापुढे प्रत्येक नांगराला साधे प्रश्न विचारावेत. दगड कोणत्या खाणीचा? वजन किती? दोराने भोक कुठे झिजले? भोकात लाकडाचा तुकडा उरला आहे का? उरला असेल, तर त्याचे कार्बन कालमापन करता येईल. दगड स्थानिक नसेल, तर जहाज कुठून आले याचा धागा मिळेल. तारीख त्यानंतर लिहावी.