'आयर्न कॉन्डर' : एक संज्ञाविचार
रोख्यांतील विकल्प-करारांची व्याख्या करताना १९५६ च्या कायद्याने 'तेजी', 'मंदी' व 'तेजी-मंदी' हे बाजारी शब्दच स्वीकारले होते. मुंबईत २००१ साली निर्देशांकावरील विकल्प सुरू झाले. पुढे चार पदरांच्या व्यवहारास 'आयर्न कॉन्डर' हे (वस्तुतः एका गिधाडाचे) नाव रूढ झाले. जुना शब्द सौदा करणाराची अपेक्षा सांगतो, नवा केवळ नफातोट्याच्या आलेखाची आकृती. दोन्ही बाजूंस करारकिमतींतील अंतर १०० रुपये आणि हाती आलेला निव्वळ प्रीमियम ४० रुपये असल्यास नफा ४० वर थांबतो. तोटा ६० पर्यंत जातो. संरक्षक पदर जवळ आणावेत, तर तोट्याबरोबर प्रीमियमही घटतो. 'मर्यादित जोखीम' या लोकप्रिय विशेषणात ही देवघेव लोपते. ६० हा आकडाही मर्यादितच आहे.